नानांच्या पेशी

“काका, या पेशी बाईच्या आहेत.”

चष्मेवालीने कागद त्याच्यापुढे धरला, तोही हातमोजा न काढता, आणि त्याला आधी तो हातमोजाच दिसला. ज्या हातमोज्याने फ्लास्क धरायचा त्यानेच दाराची मूठ फिरवायची, त्यानेच कागद उचलायचा आणि मग त्यानेच नाकावरून घसरलेला चष्मा वर सारायचा. चार वर्षं झाली या मुलीला इथे डॉक्टरेट करायला येऊन. सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. “हातमोजा,” तो म्हणाला. तिने मुकाट्याने काढला. “काका, ऐकलंत का मी काय म्हणाले?” त्याने ऐकलं होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. “कोणत्या पेशी?” “नानांच्या,” ती म्हणाली, आणि मग भडाभडा बोलत सुटली. मासिकवाल्यांनी तिचा लेख छापण्याआधी पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला होता. तिने नमुना बाहेर तपासणीला पाठवला. उत्तर आलं की या पेशी पुरुषाच्या नाहीतच. एकूण एक खुणा महामायेशी जुळतात. खात्री करायची असेल तर मूळ रुग्णाच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या गालाचा नमुना पाठवा, असं म्हणून त्यांनी पाकिटात कापसाच्या दोन काड्याही घातल्या होत्या. “तुम्ही द्याल का?” तिने विचारलं. “ठेव तिथे,” तो म्हणाला. काड्या टेबलावर राहिल्या.

महामाया हे नाव त्यानेच ठेवलेलं. केव्हातरी, कुठेतरी मेलेल्या एका परक्या बाईच्या गाठीतून निघालेला हा पेशींचा वाण जगातल्या बहुतेक लॅबमध्ये असतो. त्या बाईचा यात काय दोष? तिला बिचारीला कोणी विचारलंही नसेल. पण तिच्या पेशी थांबायचं विसरल्या आहेत. त्यातली एक जरी चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडली तरी मूळच्या पेशींचं खाणं खाते, जागा बळकावते, आणि भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. महिना-दीड महिन्यात घरमालक बाहेर आणि ही पाहुणी आत. फ्लास्कवरची चिठ्ठी मात्र घरमालकाच्याच नावाची राहते. म्हणून तर त्याने भिंतीवर स्वतःच्या अक्षरात नियम लावला होता: हूडखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या काचपेटीत, एका वेळी एकच वाण, आणि एका वाणाला स्वतःची एकच बाटली. एका वाणाच्या मीडियमच्या, म्हणजे पेशींच्या पातळ लालसर खाण्याच्या, बाटलीत बुडवलेला पिपेट दुसऱ्याच्या फ्लास्कला लागला की संपलं. नवा माणूस आला की त्याच्याकडून तो हे तीनदा म्हणून घ्यायचा आणि मगच फ्लास्कला हात लावू द्यायचा. पाठीमागे त्याला स्पिरिटकाका म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणेनात का. दिसेल ते स्पिरिटने पुसणारा माणूस बरा, दिसेल तिथे हात पुसणाऱ्यापेक्षा.

सव्वीस वर्षं तो इथे पेशी सांभाळत होता. हुद्दा तंत्रज्ञाचा, काम दाईचं. सकाळी येऊन इन्क्युबेटरचं दार उघडायचं, आत सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकी ऊब. एकेक फ्लास्क उजेडात धरायचा. मीडियम पिवळं पडलं असेल तर समजायचं की खाऊन घाण करून ठेवली आहे, आता बदला. फ्लास्कच्या तळाला गर्दी झाली असेल तर सोडवून दोन घरांत वाटून द्या. यात त्याला कधी कंटाळा आला नाही, कारण पेशीला तोंड नसतं. तिचे सगळे गुण त्याच्या मते इथून सुरू होत. लागेल ते आत घेते, नको ते बाहेर टाकते, साखर जाळून आपली चूल पेटती ठेवते, फाटलं तर शिवते, आणि शिवण्यापलीकडे गेलं की स्वतःच स्वतःची घडी घालून निमूट मरते, शेजाऱ्याला चाहूलही लागू देत नाही. माणसांना यातलं एक तरी धड जमतं का? साहेबांना पेशी म्हणजे पडद्यावरचे रंगीत तक्ते. गेल्या दहा वर्षांत त्यांनी एक फ्लास्क उघडला असेल तर शपथ. येणारी पोरं नाकाने कांदे सोलतात आणि झाकण काढून तोंडाशी बोलत उभी राहतात. घरी बायको, तिला वाटतं की तो प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. तो कोणाला समजावायला गेला नाही. समजून घ्यायची लायकी लागते, आणि ती आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि नाना. नाना म्हणजे त्याचे वडील, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. चाळीस वर्षं तेच फळ्यावरचं चित्र: एक वाटोळं, आत एक ठिपका. “पेशी म्हणजे घर, बाळांनो. हे बाहेरचं पटल म्हणजे तुमची आई. कोणाला पाटावर बसवायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, ते तिला बरोबर कळतं. हे केंद्रक म्हणजे आजोबा. जागचे हलत नाहीत, पण घरात सगळं चालतं ते यांच्या सांगण्याने. ही तंतुकणिका म्हणजे चूल. आणि या लयकारिका म्हणजे आवराआवर करणारी आत्या, तिच्या वाटेला कोणी जाऊ नये.” वर्ग खिदळायचा. नानांना वाटायचं, मुलांना गोडी लागली. मुलं नानांना हसत होती, आणि हे पन्नास जणांत फक्त त्यांच्या मुलाला कळत होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, “काय रे, तुझं पटल आज डब्याला काय देऊन गेलं?” आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, त्या पोरावर नाही, नानांवर. माणसाने इतकं भोळं असावं? शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. नाना तो खिडकीत मांडायचे, प्रत्येकाला गालाच्या आतून काडी फिरवायला लावायचे, काचेवर पुसायला लावायचे, वर दौतीतल्या निळ्या शाईचा थेंब, आणि मग एकेकाने डोळा लावायचा. “स्वतःला आतून बघा, अशी संधी राजालाही मिळत नाही.” त्याची पाळी आली तेव्हा त्याने डोळा लावला. फिकट निळा, कडेला मुडपलेला एक तुकडा, आणि मध्ये गडद ठिपका. नानांच्या चित्रासारखाच, थेट. मागे पोरं खुसखुसत होती. “काही दिसत नाही,” तो म्हणाला. नानांनी भिंग पुसलं, आरसा फिरवला. “आता?” “नाही.” “मान जरा खाली घाल. आता?” “नाही म्हटलं ना.” वर्गात हशा पिकला. शाळा सुटल्यावर नाना तासभर सूक्ष्मदर्शक खोलून बसले, आणि तो दप्तर घेऊन बाहेर पायरीवर. घरी जाताना नाना म्हणाले, “आरसा गंजलाय बहुतेक. पण तुला दाखवीन हं मी.” त्याला त्या वेळी आपण जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे त्याला अजून आठवत होतं.

नऊ वर्षांपूर्वी नानांच्या फुप्फुसाभोवती पाणी साठलं. डॉक्टरांनी दोनदा काढलं, आणि दुसऱ्या वेळी त्याने ते मागून घेतलं. रीतसर, नानांची सही घेऊन. पाण्यात आजाराच्या पेशी होत्या, त्या वाढल्या तर संशोधनाला नवा वाण मिळणार होता, साहेबही खूश होते. नानांनी सही करताना थरथरत्या हाताने पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली, आणि विचारलं, “माझ्या पेशी वाढवणार तू? वा! दिसतात का रे?” “दिसतात की.” “मला दाखवशील? फोटो निघतो ना हल्ली?” “आणीन,” तो म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नाना सांगू लागले, पेशी म्हणजे घर. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. नानांच्या पेशी फ्लास्कमध्येही नानांसारख्याच निघाल्या, मंद, भिडस्त, तळाला चिकटून तीन-तीन दिवस नुसत्या बसून राहायच्या. एकीच्या दोन व्हायला आठवडा. त्याने फ्लास्कवर चिठ्ठी लावली तेव्हा नुसतं ‘न.’ लिहिलं, आणि त्यांच्यावर तो वैतागायचा, पण त्यांच्याकडे रोज बघायचा. नानांकडे आठवड्यातून एकदा. फोटो काढायचा राहूनच गेला.

साहेबांनी दुपारी बोलावलं. साहेब त्याच्याहून सात वर्षांनी लहान, आणि काही बिनसलं की चहा मागवायचे. “काका, बसा. मनाला लावून घेऊ नका. मी काय म्हणतो, चार वर्षं त्या पेशी मुलीच्या हातात आहेत. तिच्याच हातून मिसळल्या असणार. तसं तिच्याकडून लिहून घेऊ.” “आणि तिचं पुढे काय?” “बघू. दुसरा विषय घेईल, नाहीतर जाईल सोडून. तरुण आहे. पण त्याआधीचे आपले तीन लेख तरी शाबूत राहतात. आणि तुमच्या हाताबद्दल तर बोलायलाच नको, तुमच्यावर कोण शंका घेणार?” हे शेवटचं ऐकून त्याला बरं वाटलं. ज्या माणसाच्या बुद्धीला तो कवडीची किंमत देत नव्हता, त्या माणसाने पाठ थोपटली आणि याला आपल्या गुदगुल्या झाल्या. बाहेर आल्यावर त्याची त्याला किळस वाटली, पण साहेबांचं म्हणणं त्याला पटलंही होतं. पोरीचा हातमोजा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पुरावा वहीत सापडेल. वहीत प्रत्येक जण तारीख, वाण आणि मीडियमच्या बाटलीचा आकडा लिहितो, हाही नियम त्याचाच.

तो वह्या काढून बसला, आणि खरं सांगायचं तर चवीने बसला. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण एकेक पान उलटत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. चार वर्षांत एकदाही तिने दोन वाणांना एक बाटली वापरली नव्हती. एकदाही नाही. एके ठिकाणी तर तिने लिहिलं होतं, ‘बाटलीच्या तोंडाला हात लागल्यासारखा वाटला, बाटली टाकून दिली.’ आकडा खोडून नवा. तिच्या आधीचा मुलगा, त्याच्या आधीची बाई, सगळे स्वच्छ. भित्रे होते सगळे, त्याला घाबरून का होईना नियम पाळत होते. मागे जाता जाता एक तारीख राहिली. त्या तारखेचं पान त्याने नऊ वर्षांत उघडलं नव्हतं, त्या दिवशी नाना गेले म्हणून. आता उघडलं. अक्षर वळणदार, नानांनी पाटीवर गिरवून घेतलेलं. ‘महामाया, मीडियम बदललं, बाटली ४१७.’ खालची ओळ: ‘न., मीडियम बदललं, बाटली ४१७.’

तो आकडा त्याने तीनदा वाचला. मग त्याला ती दुपार सगळी आठवली, आणि आठवली म्हणणंही खोटं, ती कधी विसरलीच नव्हती, नुसती पाठमोरी उभी होती. अक्काचा, त्याच्या मोठ्या बहिणीचा, फोन आला होता. “अरे, नाना तुला विचारतायत. लगेच ये. तो फोटो आणणार होतास म्हणे तू?” “अर्ध्या तासात निघतो, हातात काम आहे,” तो म्हणाला. हातात काही नव्हतं. सगळे फ्लास्क लालबुंद होते, दोन दिवस कोणाला काही लागलं नसतं. त्याला जायचं नव्हतं. ती नळी, ते मनगट, आणि त्या तसल्या अवस्थेतही नाना त्याच्याकडे बघून हसणार, याची त्याला भीती वाटत होती, आणि भीतीला तो त्या वेळी तिरस्कार म्हणत होता. म्हणून त्याने महामाया काढली. तिची पाळीही नव्हती. तिचं खाणं बदलतो आहे तोवर दारात शिपाई आला, “पुन्हा फोन आहे, बहिणीचा, रडतायत.” “येतो म्हणावं,” तो म्हणाला, आणि उठला नाही. त्याने नानांचा फ्लास्क ओढला. हातात होती तीच बाटली, होता तोच पिपेट. त्याने नानांच्या पेशींना खाऊ घातलं, झाकण फिरवून घट्ट केलं, वहीत लिहिलं, आकड्यासकट, कारण त्याचा हात खोटं लिहीत नसे. मग तो फोनकडे गेला.

पुढची पानं त्याने वाचायला नको होती, पण वाचली. बावीस दिवसांनी: ‘न. एकदम जोमात.’ त्या संध्याकाळी त्याने घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, नानांच्या पेशी आता थांबायचं नाव घेत नाहीत. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “जिवंतपणी एवढी विचारपूस केली असतीत तर,” ती म्हणाली होती. बाटल्या धुणाऱ्याच्या बायकोला काय कळणार, म्हणून त्याने ते सोडून दिलं. आणि त्याखाली, आणखी दोन महिन्यांनी, त्याच वळणदार अक्षरात: ‘न., सुरुवातीच्या तीन कुप्या, वाढ फार मंद, नव्या चांगल्या असल्याने टाकून दिल्या. जागा हवी होती.’ गोठवून ठेवलेल्या खऱ्या नानांच्या शेवटच्या पेशी त्याने स्वतःच्या हाताने टाकल्या होत्या, मंद म्हणून. त्यानंतर नऊ वर्षं तो रोज सकाळी ज्यांना उजेडात धरत होता, ज्यांच्याशी, आता कबूल करायला हरकत नाही, कोणी नसताना दोन शब्द बोलतही होता, ती कोण कुठली बाई होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आयुष्यभर ज्याला-त्याला तुच्छ लेखण्यात गेलं, आणि त्या सगळ्यांत तुच्छ लेखण्याजोगा एकच माणूस होता, त्याच्याकडे मात्र बघायचं राहिलं. पान शिवलेलं होतं, पण ब्लेडने निघालं असतं. कोणी वाचत नाही या वह्या. साहेब तर मुळीच नाहीत. त्याने ड्रॉवरमधून ब्लेड काढलंही. मग त्याला ती ‘बाटली टाकून दिली’ची कोंबडीच्या पायांची ओळ दिसली, आणि इतकं शरमल्यासारखं वाटलं की ब्लेड त्याने कचऱ्यात टाकलं आणि वही काखेत मारून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. चष्मेवाली तिथेच होती, लिहून द्यायला बोलावलेली, डोळे सुजलेले. “चूक माझी आहे,” तो म्हणाला. “ही तारीख, हा आकडा. हिने चार वर्षांत एक चूक केलेली नाही, मी तपासलंय. हिचे प्रयोग खरे आहेत, फक्त वाणाचं नाव चुकीचं आहे. ते बदलून तिला लिहू द्या. आपले तीन लेख मागे घ्यावे लागतील.” साहेब वहीकडे बघत राहिले. “काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? तुमची दोन वर्षं राहिलीत. तुमचं नाव...” “माझं नाव त्यात लिहिलेलं आहेच,” तो म्हणाला. साहेबांनी चहा मागवला नाही. बाहेर आल्यावर मुलगी त्याच्यामागे धावत आली. “काका, तुम्ही...” “आभार-बिभार नकोत,” तो खेकसला. “साहेबांचं सांगणं मला काल पटलं होतं, तुझ्या माहितीसाठी.”  “पण आज नाही ना पटलं?” ती म्हणाली. तो इन्क्युबेटरकडे चालू लागला.

फ्लास्क टाकायचं काम त्याने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. ‘न.’च्या अकरा फ्लास्कमध्ये एकेक करून ब्लीच ओतलं. लाल रंग फिका होत होत नाहीसा झाला, आणि तळाची पेशींची साय सुटून वर तरंगली. आपल्याला रडू येईल अशी त्याची कल्पना होती, पण परक्या बाईसाठी कसं रडणार. “तुझीही फरपटच झाली बाई,” तो पुटपुटला, आणि हूड स्पिरिटने पुसून काढला. मग टेबलाशी येऊन बसला तर कापसाच्या काड्या तशाच पडलेल्या. आता त्यांचा काही उपयोग नव्हता, जुळवून बघायला उरलंच काय होतं? त्याने एक पाकीट फाडलं, काडी गालाच्या आतून फिरवली, काचेवर पुसली. निळा रंग रॅकवर होता, त्याचा एक थेंब वर टाकला, जादाचं पाणी टिपलं. चष्मेवाली शेजारी येऊन उभी राहिली. हात मागे बांधून, हातमोजे काढलेले. नव्या सूक्ष्मदर्शकाला पडदा होता, पण त्याने पडदा बंद केला आणि मान खाली घालून डोळा लावला. नीट दिसेपर्यंत चाक फिरवत राहिला. फिकट निळे, कडेला मुडपलेले तुकडे, आणि प्रत्येकात मध्ये आजोबा, जागचे न हलणारे. आणि त्या आजोबांजवळच्या वारशाच्या कागदातला अर्धा नानांकडून आलेला, जणू त्यांच्या त्या सहीसारखाच, पूर्ण नाव, खाली तारीख. डोळ्यांत पाणी आलं तसं चित्र गढूळ झालं, पुन्हा स्वच्छ झालं. तो इतका वेळ वाकलेला बघून मुलीला काळजी वाटली.

“काका, दिसतंय का काही?”

“दिसतंय,” तो म्हणाला. “तेव्हाही दिसलं होतं.”